एकोणतीसचा पाढा आणि पातळ्याचा डबा

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा विचारतो, आपण कुठे होता नोकरीला? मी म्हणतो, हात बुडवत होतो. पाहुणा थोडा वेळ माझ्याकडे बघतो आणि मग पलीकडच्या माणसाशी मठ्ठ्याविषयी बोलायला लागतो. त्याचं काही चुकत नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या घराण्यात सगळे सरकारी. आजोबा तहसिलीत, वडील शिक्षण खात्यात, दोन काका जंगल खात्यात. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि गोंदिया रोडवरच्या हातमोज्यांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून चिकटलो. वडील शेवटपर्यंत लोकांना "तो केमिकलमध्ये आहे" एवढंच सांगत आणि घाईने विषय बदलत.

कारखाना म्हणजे राजेगावच्या अलीकडे पत्र्याची एक लांबलचक शेड. आत ॲल्युमिनियमचे दोन-अडीचशे हात बोटं खाली करून टांगलेले. वीज खात्याचा एक इन्स्पेक्टर पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थबकला आणि त्याने नकळत नमस्कार केला. त्या प्रत्येक हातावर सुती मोजा चढवायचा, तो हात प्लास्टिकच्या पेस्टमध्ये बुडवायचा, निथळू द्यायचा, भट्टीत घालायचा. भट्टीतून निघाला की झाला तयार हातमोजा. खाणीतले मजूर, राइस मिलवाले, सफाई कामगार, सगळे तो वापरत. ज्यांच्या हातांना इजा व्हायची शक्यता नसते त्यांना आमचा माल कधी लागला नाही, म्हणून त्यांना आमचा कारखानाही माहीत नव्हता.

आता ही पेस्ट काय प्रकार आहे ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यात अडकलेली आहे. पीव्हीसीची पावडर असते, पांढरी, मैद्यासारखी. नुसती वापरली तर तिचा पाइप होतो, मोजा होत नाही. तिला मऊ करायला तेल घालावं लागतं. हे फोडणीचं तेल नव्हे, याला प्लास्टिसायझर म्हणतात. पावडर आणि तेल घोटलं की इडलीच्या पिठासारखी पेस्ट होते. तेल जास्त झालं तर पेस्ट छान वाहते, पण मोजा होतो लुळा आणि चार दिवसांनी त्याला तेलाचा घाम फुटतो. तेल कमी झालं तर मोजा दणकट, पण पेस्ट हलता हलत नाही. बोटांच्या टोकाला लोंबते आणि भट्टीतून निघाल्यावर प्रत्येक बोटाला एक जास्तीचं पेर आलेलं असतं. थोडक्यात, मोजा कडक हवा आणि पेस्ट पातळ हवी. मुलगी एम.ए. हवी पण उलट बोलणारी नको म्हणतात ना, तसलीच ही मागणी.

त्यावर तोडगा होता. एका वेगळ्या जातीचं तेल असतं, स्वतःच पाण्यासारखं पातळ. ते मोठ्या ड्रममध्ये मगभर घातलं की सगळी पेस्ट वाहती होते आणि मोज्याचा दणकटपणा जात नाही. त्याचं इंग्रजी नाव सव्वा ओळीचं होतं. कारखान्यात कुणालाही ते उच्चारता येत नसे, मलाही दोन दमांत जमे. म्हणून सगळे त्याला 'पातळं' म्हणत. मुंबईहून निळ्या डब्यात येई. महाग इतकं की आमचे मालक, भैय्याजी, ते आपल्या ऑफिसात देवाच्या फोटोखाली कुलपात ठेवत. दसऱ्याला सगळ्या मशिनींना मिळून दोन हार, आणि पातळ्याच्या डब्याला वेगळा एक.

भैय्याजी हिंदी बोलणारे, मनाने वाईट नव्हते, पण रसायनशास्त्र त्यांना काटकसरीची एक शाखा वाटे. पातळं ते पातळं, रॉकेलही पातळच असतं, मग फरक काय, असा त्यांचा सवाल. मी फरक सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी पेस्टमध्ये रॉकेल ओतलं. भट्टीच्या उष्णतेत रॉकेल पळून गेलं आणि जाताना मोज्याला सुईच्या टोकाएवढी शेकडो छिद्रं ठेवून गेलं. तो माल भैय्याजींनी कटंगीच्या बाजारात स्वस्तात काढला. पुढच्या आठवड्यात तिथला एक शेतकरी मोजे घेऊन आला. त्याने एका मोज्यात तांब्याभर पाणी ओतून तो दाबला, तर झारीसारख्या धारा लागल्या. भांडला नाही बिचारा. म्हणाला की वांग्याच्या रोपांना पाणी द्यायला हे फार बरे आहेत, आणखी असतील तर द्या. त्यानंतर भैय्याजींनी पातळ्याची पुन्हा पूजा सुरू केली.

पेस्ट घोटणारा माणूस म्हणजे सुखदेवभाऊ. कटंगीकडच्या एका खेड्यातला, बालाघाटात बुद्धविहाराच्या मागे राहायचा. मराठी चौथी पास. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलायला कमी, हात मात्र असा की पेस्टचा ओघळ बघून तेल कुठल्या ड्रममधलं ते सांगेल. मी बी.एस्सी. असल्यामुळे मला ते पुस्तकात बघावं लागे.

पेस्ट किती पातळ झाली हे मोजायला बुडाला भोक असलेली एक पितळी वाटी असते. भरायची, बोट काढायचं, आणि रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं. साधं काम आहे. आमच्याकडे त्यासाठी एक स्टॉपवॉचही होतं, पण ते एकदा पेस्टच्या ड्रममध्ये पडलं आणि मोज्यांबरोबर भट्टीतून फिरून आलं. बाहेर आलं ते कायमचा मोजा घालून. नवं मागितलं तर भैय्याजी म्हणाले, पूरे कारखाने में आदमी खड़े हैं, घड़ी का क्या काम.

सुखदेवभाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी वाटी भरली, बोट काढलं आणि एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आमच्या पिढीच्या मराठी शाळेत या पाढ्यासाठी किती छड्या खाल्ल्या ते आठवा. त्यांच्या मास्तरांनी तो असा घोटून घेतला होता की त्याची चाल कधी बदलत नसे. आठे दोनशे बत्तीस आणि नवे दोनशे एकसष्ट यांच्यामध्ये वाटी रिकामी झाली की पेस्ट बरोबर. पाढा संपूनही धार चालू असेल तर घट्ट, मग मगभर पातळं. पाचेलाच रिकामी झाली तर फार पातळ, मग पावडर. मी माझ्या मनगटी घड्याळाशी कितीदा ताडून पाहिलं. ताप असो, घरी भांडण झालेलं असो, मे महिन्यात शेडमध्ये जीव जायची वेळ आलेली असो, फरक नाही. मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. बी.एस्सी. झालेल्या माणसाचं मोजमाप पाढ्यावर चालतं हे सांगायला बरं वाटत नाही.

अशी काही वर्षं बरी गेली. मग दोन हजार सालाच्या आगेमागे सगळ्यांना सर्टिफिकेटचं वेड लागलं. गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट असल्याशिवाय मोठी ऑर्डर मिळत नाही, असं भैय्याजींना कुणीतरी सांगितलं. नागपूरहून एक कन्सल्टंट आला. भर मे महिन्यात टाय. त्याचं एकच म्हणणं होतं, जे करता ते लिहा आणि जे लिहिलं तेच करा. आम्ही लिहायला लागलो. झाडू कसा मारायचा ते लिहिलं. लिहिलेलं कुठे ठेवायचं तेही लिहिलं. मग तो पेस्टच्या ड्रमपाशी आला आणि वेळ कशाने मोजता म्हणाला. सुखदेवभाऊंनी म्हणून दाखवलं.

त्याने टाय सैल केला. स्टॉपवॉच आणा म्हणाला, आणि त्याची दरवर्षी तपासणी करून दाखला ठेवा. दाखल्याला खर्च येतो कळल्यावर भैय्याजींनी त्याला ऑफिसात नेऊन ताक पाजलं. बाहेर आला तेव्हा त्याचं मतपरिवर्तन झालं होतं. जे करता तेच लिहा, असं तर मीच सांगितलंय, म्हणाला. कारखान्याचे कागद हिंदीत, कारण भैय्याजींना तेवढंच वाचता यायचं. तर मी हिंदीत लिहिलं: कप भरकर उनतीस का पहाड़ा एक बार बोलें, कप आठवें और नौवें के बीच खाली हो तो पेस्ट ठीक. खाली 'तैयार करनेवाला' या रकान्यात माझी सही.

आता मोजमापाचं साधन म्हटलं की त्याची तपासणी आली. साधन कोण? सुखदेवभाऊ. कन्सल्टंटने त्यांच्याकडून तीनदा पाढा म्हणवून घेतला, घड्याळ लावून बघितला, आणि तपासलं असल्याचं हिरवं स्टिकर त्यांच्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं. त्यांनी तो शर्ट दोन दिवस धुऊ दिला नाही. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती, तिने ते स्टिकर काढून वहीत लावलं, असं त्यांनीच मला सांगितलं. बोलताना माणूस हसत होता, आणि मीही हसलो. तपासणीला आलेले मोठे साहेब पाढा ऐकून खूश झाले, सर्टिफिकेट मिळालं आणि ते देवाच्या फोटोशेजारी लागलं.

सर्टिफिकेट बघून मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतल्या एका ठेकेदाराने मोठी ऑर्डर दिली. भैय्याजींनी दुपारची पाळी सुरू केली आणि तिच्यावर पेस्ट घोटायला रामकिशोर नावाचा माणूस ठेवला. भैय्याजींच्या सासुरवाडीकडचा, तिशीतला, कामाला चोख. मी त्याला कागद दाखवला. कप, उनतीस का पहाड़ा, आठवें और नौवें के बीच. समजलं म्हणाला. मीही समजलो की समजलं, आणि पाळी बदलली की दुपारी घरी जायला लागलो.

दोन-तीन आठवड्यांनी सुखदेवभाऊंनी मला थांबवलं. दुपारचा माल हाताला ओलसर लागतो आणि पातळ्याचे डबे लवकर संपतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी रजिस्टर काढलं. रोजची नोंद, रोज आठ आणि नऊच्या मध्ये, रोज ठीक. कागद ठीक आहे म्हणजे माल ठीक आहे, असं मी त्यांना समजावून सांगितलं. हे वाक्य मी खरोखर बोललो. ते "हौ" म्हणून गेले.

पुढच्या महिन्यात ठेकेदार स्वतः जीप घेऊन आला आणि दोन पोती मोजे ऑफिसात भैय्याजींच्या पुढ्यात ओतले. पेस्ट कापडातून आरपार आत झिरपलेली, बाहेर नुसता पापुद्रा, आणि मोज्याला मोजा चिकटलेला. दोन मजुरांचे तळवे दगडाने सोलून निघाले होते. ऑर्डर परत.

त्या दुपारी मी घरी न जाता शेडच्या दाराआड उभा राहिलो. रामकिशोरने वाटी भरली, बोट काढलं आणि सुरू झाला. उनतीस, अट्ठावन, सत्तासी, एक सौ सोलह.  हिंदी शाळेत पहाडा असा नुसत्या आकड्यांनी म्हणतात. आमच्यासारखं एकोणतीस एके, एकोणतीस दुणे, एकोणतीस त्रिक असं पायरी पायरीने नाही. सुखदेवभाऊ चोकपाशी पोचेपर्यंत तो गाव ओलांडून जायचा. त्याच्या पाढ्याने मोजलं की चांगली पेस्टही घट्टच निघे, मग हा इमानदार माणूस मगामागून मग पातळं ओतत राही, वाटी त्याच्या नवव्या आकड्याआधी रिकामी होईपर्यंत. कागदावर लिहिलं होतं ते त्याने अक्षरशः केलं होतं. चूक त्याची नव्हती, सुखदेवभाऊंची तर नव्हतीच. बालाघाटात जन्म गेलेल्या, घरात मराठी आणि दारात हिंदी बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने तो कागद हिंदीत लिहिला, आणि हिंदीतला पहाडा वेगळा चालतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मी भैय्याजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. आठ दिवसांनी सर्टिफिकेटवाले फेरतपासणीला येणार होते, आणि बिघडलेल्या मालासाठी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो: मूळ कारण.

"कागज़ गलत था लिखोगे, तो पूछेंगे कागज़ किसने बनाया," भैय्याजी म्हणाले. "उस पर साइन किसकी है, केमिस्ट साब?"

मग त्यांनी उपायही सांगितला. रामकिशोर सासुरवाडीचा, त्याचं नाव घालता येत नाही. मिक्सिंगचा मुख्य माणूस सुखदेव, त्यालाच तपासून स्टिकर लावलेलं. मूळ कारण, ऑपरेटर की लापरवाही. उपाय, ऑपरेटर को हटाया गया. सर्टिफिकेट राहील, कारखाना राहील, मी राहीन. माझ्या घरी तेव्हा वडील अंथरुणावर होते, हे मी कारण म्हणून सांगू शकतो. पण खरं एवढंच की मी भ्यालो. मी फॉर्म भरला, अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं, आणि सही केली.

सुखदेवभाऊंना ऑफिसात बोलावलं. फॉर्म वाचून दाखवायचं आणि त्याची एक प्रत त्यांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडेच होतं. ते ऐकून बाहेर गेले. मला वाटलं गेले, सुटलो. ते पितळी वाटी आणि डबाभर पेस्ट घेऊन परत आले. भैय्याजींच्या टेबलाच्या कडेला उभे राहून त्यांनी वाटी भरली, बोट काढलं आणि पाढा म्हटला. त्याच चालीत, आवाज न चढवता. आठे दोनशे बत्तीस झालं आणि धार तुटली.

"साहेब," ते मला म्हणाले, "माह्या पाढ्यात चूक कोठी झाली, तेवढं सांगा. मंग मी जातो."

मी पेपरवेट बघत होतो. भैय्याजी म्हणाले, अरे जाने दो सुखदेव.  टेबलावर सांडलेले दोन थेंब सुखदेवभाऊंनी स्वतःच्या दुपट्ट्याने पुसले, वाटी पालथी ठेवली आणि गेले.

आठ दिवसांनी तपासणी झाली. साहेबांनी फॉर्म बघून कारवाई तत्पर असल्याचा शेरा मारला. सर्टिफिकेट राहिलं. त्याच आठवड्यात भैय्याजींनी स्टॉपवॉच आणलं, चांगलं, जपानी. पुढे मी त्या कारखान्यातूनच निवृत्त झालो, हार घालून घेतला, भाषणात गुणवत्ता हा शब्द चारदा वापरला. भैय्याजींनी मला भेट म्हणून घड्याळ दिलं. आता बोला.

मागच्या वर्षी तुमसरला एका साखरपुड्याला निघालो होतो. कटंगीच्या बसस्टँडवर बाकावर एक म्हातारा बसला होता, मांडीवर पिशवी. मी ओळखलं आणि क्षणभर मागे फिरावं असं वाटलं, पण त्यांनी आधीच सरकून जागा केली होती. त्यांनी माझी तब्येत विचारली, वडिलांची विचारपूस केली. वडील गेल्याचं ऐकून चुकचुकले. कारखान्यानंतर दोन ठिकाणी काम मागायला गेले, तिथे लापरवाहीचा कागद आधीच पोचलेला होता. मग गावातल्या राइस मिलमध्ये चौकीदारी केली. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मुलगी आता शाळेत मास्तरीण आहे, गणित शिकवते.

मग एकदम म्हणाले, "साहेब, तवा तुमी बोलले नाई. आज तरी सांगा. माहा पाढा चुकला होता का?"

मी म्हणालो, "नाही, सुखदेवभाऊ. तुमचा पाढा बरोबर होता. कागद चुकला होता, आणि तो मी लिहिला होता. मला त्याच दिवशी माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. रागावतील, उठून जातील, काहीतरी होईल म्हणून मी वाट पाहत होतो. तुमसरची बस लागली, लोक धावले, आणि आम्ही दोघे बसून राहिलो.

"मले तं तवाच मालूम होतं," ते म्हणाले. "पण पोरीनं तो कागद जपून ठेवला हाय, स्टिकरच्या बाजूले. थे म्हणते, बाबा, हे दोन्ही खरं कसं? माह्या बोलण्यानं काय होते? चूक झाली म्हणून तुमी कागदावर लिहून देल्लं होतं. तं नाई झाली, हेबी कागदावर लिहून द्या."

मी खिशातून पेन काढलं. जवळ साखरपुड्याच्या पत्रिकेशिवाय कागद नव्हता. ते हसले. असं नाही, म्हणाले, चांगलं लिहा, छापील असलं तर पोरीला बरं वाटेल. सावकाश लिहा, घाई नाही. आणि मला बसमध्ये चढवून दिलं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कारखान्याच्या गमतीजमती मागितल्या होत्या. त्या वर आल्याच आहेत. मला मात्र एवढाच फॉर्म भरायचा होता. मूळ कारण: पेस्ट तपासण्याचा कागद मी चुकीचा लिहिला, आणि चूक कळल्यावर ती दुसऱ्याच्या नावावर टाकली. सुखदेवभाऊंच्या पाढ्यात चूक नव्हती, आठे दोनशे बत्तीसला धार तुटली होती, मी समोर होतो. उपाय: अंकाची एक प्रत कटंगीला, त्यांच्या मुलीच्या शाळेच्या पत्त्यावर. तैयार करनेवाला: मीच. या वेळी सही मराठीत.